नाईट ड्यूटीत आधी कुणाकडे जायचं?

जीएनएमच्या तीन वर्षांत मला काय काय करायचं ते सगळं शिकवलं. सलाईन लावणं, कॅथेटर टाकणं, ड्रेसिंग, बाळाला उबेत कसं ठेवायचं, अगदी मृत शरीराची निगा कशी राखायची इथपर्यंत. पण दहा कामं एकाच वेळी समोर आली आणि हात दोनच असले, तर त्यातलं कुठलं काम मागं टाकायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी कंत्राटी अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्या नाईटपासून तेच ठरवत आले. अजूनही मी गोंधळते. हा गोंधळ माझ्या एकटीचा नसावा असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं. कोरडवाहू सोयाबीन, आणि विहिरीला पाणी राहिलं तर एखाद्या एकरात हळद. आमच्या भागात मुलीला नर्सिंगला घालताना घरचे एवढाच हिशोब करतात, की तीन वर्षांत पोर कमावती होईल आणि माणसं आजारी पडायची काही थांबत नाहीत. बाबांनी हळदीचे पैसे माझ्या फीला घातले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर होत्या. लसींचा डबा घेऊन त्या तांड्यावर जायच्या. कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाच्या सासूची बीपीची गोळी संपली आहे, हे त्यांना कुणी न सांगता माहीत असायचं. ऊसतोडीला निघालेल्या बाईला गाडीत बसण्याआधी थांबवून त्या तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि लोहाच्या गोळ्या हातात ठेवायच्या. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं.

त्यांच्याकडे माणसाकडे बघायला वेळ होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आमचा वॉर्ड बायकांचा, आणि त्यालाच लागून बाळंतिणींची खोली. खाटा ४०. पावसाळ्यात तापाची साथ आली की दोन खाटांच्या मधे गाद्या पडतात, त्या मोजणीत येत नाहीत. रात्री आठला ओव्हर घ्यायचा आणि सकाळी आठला द्यायचा. नव्या मुलीला काही दिवस जुन्या सिस्टरच्या जोडीला ठेवायचं असतं, पण जोडीला द्यायला जुनी सिस्टर शिल्लकच नव्हती. ड्यूटीवर मी आणि एक मावशी. आठ ते आठ म्हणजे ७२० मिनिटं. ४० जणींत वाटली तर एकीच्या वाट्याला १८ येतात. त्या १८ मिनिटांत रात्रीची आणि पहाटेची इंजेक्शनं, सलाईन बदलणं, ताप-नाडी-बीपी, सकाळच्या तपासणीचं रक्त काढणं, मधेच भरती आली तर तिचा केस पेपर, औषधांचा इंडेंट, सकाळचा रिपोर्ट, आणि कुणी भेदरलेली असेल तर तिच्याजवळ दोन मिनिटं उभं राहणं. हे शेवटचं काम सगळ्यात आधी गळतं. ते गळलं म्हणून कुणी जाब विचारत नाही, त्याची कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंद नसते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आम्ही पाठ केलेला. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक, शिवाय रजा-सुट्टीसाठी ३० टक्के जादा. अतिदक्षता विभागात एकास एक. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, हमखास मिळणारे गुण. तीन पाळ्या मिळून धरायचं म्हटलं तरी ४० खाटांना आठ जणी लागतात, रजा धरून दहा. म्हणजे रात्री किमान दोघी तरी हव्यात. त्या दुसरीची खुर्ची आमच्या टेबलाशी आहे. तिच्यावर रजिस्टरं ठेवलेली असतात.

एक रात्र मला सविस्तर सांगायची आहे.

त्या रात्री बाळंतिणींच्या खोलीत एकीला मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. बीपी चढून झटके येण्याची भीती होती. हे औषध जीव वाचवतं, पण अंगात जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्याला ठोकून पाय उडतो का बघायचं, मिनिटाला १६ च्या खाली श्वास येत नाहीत ना ते मोजायचं, तासाला ३० मिलिलिटर तरी लघवी होते का ते पिशवीत पाहायचं. यातलं एकही काम लांबून होत नाही. तिच्या समोरच्या खाटेवर नुकतीच प्रसूत झालेली वीस-एकवीस वर्षांची मुलगी. तिचं बीपी, नाडी, रक्तस्राव पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी बघायचा. मोठ्या वॉर्डात दम्याची आजी ऑक्सिजनवर. आणि दाराशी एका रुग्णाचा भाऊ मोठमोठ्यानं सांगत होता, "सिस्टर, सलाईन संपलंय, हवा जाईल ना आत! कवाधरनं आवाज द्यायलोय, कुणी बघंना झालंय." नळीतून हवा जाऊन माणूस दगावतो ही भीती आमच्याकडे प्रत्येक नातेवाइकाला असते. रिकाम्या बाटलीनं तसं सहसा होत नाही, पण ते समजावून सांगायलाही पाच मिनिटं लागतात.

मी मॅग्नेशियमवालीचे श्वास मोजत होते. समोरच्या मुलीची पुढची १५ मिनिटं अजून भरायची होती. तेवढ्यात लेबर रूमच्या सिस्टर हातमोज्यांचं पाकीट मागायला आल्या. त्यांची नोकरी तीस वर्षांच्या पुढची, सगळा स्टाफ त्यांना ताई म्हणतो. त्या दारातच थांबल्या. खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ही पोरगी मघा बाळाकडं बघत होती. आता बघंना झाली." सरळ तिच्याकडे गेल्या, पोटावर हात ठेवला. गर्भाशय घट्ट लागायला हवं होतं, ते मऊ लागत होतं. चादर बाजूला केली तर खालचं कापड भिजलेलं. त्यांनी पोट चोळायला सुरुवात केली, मला ऑक्सिटोसिन आणायला लावलं, मावशीला डॉक्टरांकडे पळवलं, दुसरी सलाईन लावली. हे सगळं घडायला जितका वेळ लागला त्याहून सांगायलाच जास्त लागतो आहे. मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली.

पहाटे मी ताईंना विचारलं, तुम्हाला दारातून कसं कळलं? त्या म्हणाल्या, "ओरडणाऱ्याच्या अंगात जीव असतो बाई. गप पडलेलीकडं आधी बघायचं." मी विचारलं, आणि बाकीच्या ३९ जणींचं? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांच्याकडं औंढ्याचा नागनाथ बघतो."

माझीही नागनाथावर श्रद्धा आहे. श्रावणी सोमवारी मी औंढ्याला जाते. पण ४० खाटांच्या वॉर्डाची रात्रपाळी देवावर टाकावी लागते, हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि आजही पटत नाही. ताईंनाही ते पटलेलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तीस वर्षं त्या हे उत्तर स्वतःला देत आल्या असतील.

ताई लवकरच निवृत्त होतील. राज्य सरकारच्या नोकरीत ५८ ला निवृत्ती. दारात उभं राहून अख्खी खोली वाचण्याची ती नजर पुढच्या मुलीकडे जायला जुन्या आणि नव्या सिस्टरनं शेजारी उभं राहून काम करावं लागतं, वर्षानुवर्षं. आमच्याकडे वर ताईंच्या वयाच्या मोजक्या जणी आहेत आणि खाली माझ्यासारख्या कंत्राटी मुली. मधली पिढी विरळ. पदं रिकामी राहिली, भरती लांबली, कंत्राटावर आलेल्या जणी एक-दोन वर्षांत दुसरीकडे गेल्या. परिचारिकांच्या टंचाईची बातमी येते तेव्हा रिक्त पदांचा आकडा छापून येतो. ताईंबरोबर जे निघून जाणार आहे, त्याचा आकडा कुठं छापायचा?

आता पैशांचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या जीएनएम परिचारिकेचं मानधन जाहिरातींमध्ये २०,००० रुपये असतं. माझ्या शेजारी तेच काम करणाऱ्या कायम अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होते, वर भत्ते, रजा. कायम सिस्टर मला कधी परकं वागवत नाहीत. पण माझं कंत्राट संपत येतं त्या महिन्यात मी वॉर्डात कुणाशी फारसं बोलत नाही, आणि पेशंटनं "सिस्टर, पुढल्या वेळी तुमच्याच वॉर्डात येते" म्हटलं की काय उत्तर द्यावं कळत नाही. खासगीत गेलेल्या मैत्रिणींची गोष्ट याहून वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला २०,००० पेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० च्या वर खाटा असतील तिथं सरकारी परिचारिकेइतका असावा. तालुक्याच्या गावात बारा तासांची पाळी करणारी माझी वर्गमैत्रीण यातला निम्माही पगार घेत नाही. शिफारशीला दहा वर्षं होत आली.

जुलै २०२५ मध्ये राज्यभरातल्या सरकारी परिचारिका बेमुदत संपावर गेल्या. वेतनातल्या त्रुटी दूर करा आणि कंत्राटी भरती बंद करून कायम पदं भरा, या त्यांच्या मागण्या. त्याआधी २०२२ मध्येही बाह्यस्रोत भरतीविरुद्ध त्या संपावर गेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, अभियानातल्या आम्हा कंत्राटींचा संप झाला. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला, त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून. गावाकडे मला लोकांनी विचारलं, "पेशंटला वाऱ्यावर सोडून संप कसा करवतो तुम्हाला?" हा प्रश्न मला लागला, कारण तो खोटा नाही. संपात रुग्णाचे हाल होतात. पण जी बाई रात्री दोनला माझ्या नावानं हाका मारत असते आणि मी पलीकडच्या खोलीत अडकलेली असते, ती तेव्हाही वाऱ्यावरच असते, आणि तिची बातमी होत नाही. संपाच्या काळातले हाल सगळ्यांना दिसतात. वर्षभर रोज रात्री होणारे हाल फक्त त्या बाईला आणि मला माहीत असतात.

कागदांबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येक सरकारी नोकर लिहितो. एवढंच सांगते, की माता-बाल नोंदीचं पोर्टल वेगळं, लसीकरणाचं यू-विन वेगळं, क्षयरुग्णांचं निक्षय वेगळं, आभा कार्डाचं वेगळं, आणि एवढं करून तीच माहिती हातानं रजिस्टरमध्येही लिहायची. गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांचा दिवस यातच जातो. आमच्या उपकेंद्रातल्या त्या सिस्टर मागच्या दिवाळीत भेटल्या. मोबाइलवर नेट येत नाही म्हणून मंदिराच्या ओट्यावर चढून नोंदी भरत होत्या. पापणी ओढून बघायचं काम आता आशाताई करतात, असं म्हणाल्या.

याच सिस्टर आणि आशाताईंच्या जोरावर आमच्या जिल्ह्यात एक मोठं काम झालं. मार्च २०२५ मध्ये, महिला दिनापासून, हिंगोलीत संजीवनी अभियान सुरू झालं. घरोघर जाऊन बायकांना कर्करोगाच्या लक्षणांबद्दल प्रश्न विचारायचे. आरोग्यमंत्र्यांनी जुलैमध्ये विधान परिषदेत सांगितलं त्याप्रमाणे २,९२,९९६ बायकांची माहिती घेतली गेली, १४,५४२ जणींमध्ये लक्षणं संशयास्पद वाटली, आणि तपासणीनंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग तिघींना, स्तनाचा एकीला, तोंडाचा आठ जणींना निघाला. बातमी फिरली ती चौदा हजारांची. गावोगाव बायका घाबरल्या. माझ्या चुलत मावशीनं मला फोन करून विचारलं, "मला झाला का गं?" तिच्या नावापुढं खूण पडली होती एवढंच. लक्षण म्हणजे आजार नव्हे, तपासणी करून घ्यायची, हे तिला समजावताना माझा अर्धा तास गेला, आणि ती माझी मावशी होती म्हणून तो अर्धा तास तिला मिळाला. ज्या बारा जणींचा रोग सापडला, त्यांच्यासाठी हे अभियान लाख मोलाचं आहे. पण बाईच्या मनात भीती जागी केल्यावर तिच्याजवळ बसून तिला तपासणीपर्यंत नेणारी सिस्टरही मोकळी असायला हवी. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख वस्ती असलेल्या या जिल्ह्यात तशी सिस्टर कुठं मोकळी आहे?

आमच्याकडे जे झेपत नाही ते नांदेडला पाठवलं जातं. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर करत १०८ जाते. त्या गाडीकडे बघताना मला दर वेळी ऑक्टोबर २०२३ आठवतो. तेव्हा मी शिकत होते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यात कितीतरी नवजात बाळं. औषधांची टंचाई, रिक्त पदं, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येणारे अत्यवस्थ रुग्ण, सगळ्यांवर चर्चा झाली. आजूबाजूचे जिल्हे म्हणजे आम्हीच. इथं एक सिस्टर कमी असली की तिथं एक रुग्ण वाढतो, हे वॉर्डात उभं राहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रुग्ण जातो तेव्हा पहिला राग सिस्टरवर निघतो, कारण ती समोर असते. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रात्री तीनला वीस नातेवाईक टेबलाभोवती जमतात तेव्हा आधार असतो तो मावशीचा. शिव्या देणाऱ्या माणसाची बाजूही मला दिसते. त्यानं हाका मारल्या, कुणी आलं नाही, आणि त्याची माय गेली. त्याला मी काय सांगू? मी कामचुकारपणा करत नव्हते, हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. त्याच्यासाठी नाही.

माझ्या बरोबरच्या दोघी जर्मन शिकत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात ५८ लाख परिचारिका कमी आहेत. श्रीमंत देश त्या आमच्यासारख्यांतून भरून काढतात. मैत्रिणींना मी जाऊ नका म्हणत नाही. घरावर कर्ज आहे, आणि तिथं त्यांना एका रात्री किती रुग्ण सांभाळायचे ते आधी सांगितलं जाईल. मला जायचं नाही. का, हे विचारलं तर मला त्या उपकेंद्रातल्या सिस्टरच आठवतात.

आता आमच्या जिल्ह्यात मोठी गोष्ट घडली आहे. हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या इतर नऊ नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचं उद्घाटन झालं, दर वर्षी १०० विद्यार्थी घेणार. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्यानं याची पंचवीस वर्षं वाट पाहिली. नांदेडचा रस्ता कितीतरी जणांसाठी आता टळेल. प्राध्यापक किती नेमले, इमारत कुठं होणार, यंत्रं कोणती येणार, याची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते. तिथल्या वॉर्डात रात्री किती सिस्टर असणार, हे मात्र कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

हिंगोलीकरांना माझी विनंती एवढीच आहे. नव्या रुग्णालयाच्या खाटा वाढतील तेव्हा त्या खाटांमागे परिचारिकांची किती पदं मंजूर झाली, त्यातली किती कायमस्वरूपी भरली आणि रात्रपाळीला वॉर्डात प्रत्यक्ष किती जणी असतात, हे तीन प्रश्न आमदारांना, पालकमंत्र्यांना आणि ग्रामसभेत आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला विचारा. उत्तर लेखी मागा. आम्ही आत राहून विचारलं तर ती कर्मचाऱ्यांची मागणी ठरते. तुम्ही विचारलंत तर त्याचं उत्तर द्यावं लागेल.